छोट्या जेट इंजिनात पाणी फवारलं तर जोर वाढतो का?

मॉडेल विमानांच्या जेट टर्बाइनवर थोडा हात बसला की हा प्रश्न डोक्यात येतोच. मोठ्या जेट विमानांत एकेकाळी उड्डाणाच्या वेळी इंजिनात चक्क पाणी सोडत आणि विमान जड भार घेऊन वर चढे. मग आपल्या या दोन हातांत मावणाऱ्या इंजिनात तेच केलं तर? पंप छोटा मिळतो, नोझल मिळतात, पाणी तर आहेच. वरवर पाहता करून बघायला काही हरकत दिसत नाही.

करून बघण्यासारखं हे नक्कीच आहे. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या प्रयोगांत होणारा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाण्यात ऊर्जा नाही. पाणी जळत नाही, उलट उष्णता खातं. मग त्याने जोर वाढतो तो कसा? इंजिन ज्या मर्यादेला अडलेलं असतं, ती मर्यादा पाणी थोडी पुढे सरकवतं म्हणून. ती मर्यादा तापमानाची असेल तर पाणी खूप उपयोगी पडतं. ती दुसऱ्याच कशाची असेल, तर पाणी ओतूनही हाती फारसं काही लागत नाही. त्यामुळे पंप विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा: माझं इंजिन नक्की कुठे अडलंय?

इंजिनाची ओळख

घरच्या कार्यशाळेत बनेल असं छोटं जेट इंजिन ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचं मोठं श्रेय जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांना जातं. त्यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणारं, चाक लाकडाचं होतं, कार्बन फायबरने बांधून मजबूत केलेलं. पुढे केजे-६६ सारखी डिझाइन आली, त्यात मोटारीच्या टर्बोचार्जरचं ६६ मिलिमीटर व्यासाचं चाक वापरलं गेलं. हौशी मंडळींनी ती जगभर बनवली. आज विकत मिळणाऱ्या इंजिनांचा सांगाडाही मूळात तोच आहे. पुढे अॅल्युमिनियमचं कॉम्प्रेसर चाक, मागे गरम वायूने फिरणारं निकेलच्या मिश्रधातूचं टर्बाइन चाक, दोन्ही एकाच शाफ्टवर, मध्ये कंकणाकृती ज्वलनकक्ष आणि शेवटी निमुळता नोझल.

हिशेबासाठी आपण ६६ मिलिमीटरच्या वर्गातलं एक इंजिन समोर धरू. पूर्ण वेगात ते मिनिटाला सुमारे १,१७,००० फेरे घेतं आणि साधारण ८० न्यूटन थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, देतं. सेकंदाला २३० ग्रॅमच्या आसपास हवा ओढतं आणि ४ ग्रॅमच्या आसपास केरोसीन जाळतं. कॉम्प्रेसर हवेचा दाब सव्वादोनपटीच्या घरात नेतो. एवढ्या दाबाने हवा शंभरेक अंशांनी तापते, म्हणजे ज्वलनकक्षात शिरतानाच ती १३० अंश सेल्सियसच्या जवळ असते. बाहेर पडणारा वायू सहाशे अंशांच्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब यांच्यावरच आहे.

थ्रस्ट म्हणजे ढोबळमानाने दर सेकंदाला बाहेर फेकलेलं वस्तुमान गुणिले ते फेकण्याचा वेग. थ्रस्ट वाढवायचा तर जास्त वस्तुमान फेका, नाहीतर जास्त वेगाने फेका. इंधन वाढवलं की दोन्ही वाढतात. मग वाढवतच का नेऊ नये? कारण वाटेत दोन भिंती आहेत. पहिली तापमानाची: टर्बाइनची पाती लाल होऊन ताणली जातात आणि शेवटी तुटतात. दुसरी फेऱ्यांची: चाकातला ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे पाच टक्के वाढले की ताण दहा टक्के वाढतो. कॉम्प्रेसर चाकाचा कडेचा वेग काढून पाहा. सेकंदाला १,९५० फेरे आणि परीघ वीस सेंटिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे सेकंदाला सुमारे ४०० मीटर. आवाजापेक्षा जास्त वेग, आणि तोही अॅल्युमिनियमच्या चाकाचा.

पाणी आत गेल्यावर काय करतं

ते कुठे सोडलं यावर सगळं अवलंबून आहे. जागा दोन: कॉम्प्रेसरच्या पुढे, किंवा मागे ज्वलनकक्षात. दोन्हींची कामं वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळीच पाहू.

कॉम्प्रेसरच्या पुढे पाण्याचं धुकं सोडण्यामागचा विचार सोपा आहे. अंगावरचा घाम वाळताना जसा गारवा देतो, तसं वाफ होणारं पाणी हवेतली उष्णता घेतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ २,४५० जूल लागतात, तर एक ग्रॅम हवा एक अंशाने गार करायला फक्त एक जूल. म्हणजे हवेच्या वजनाच्या एक टक्का पाण्याची पूर्ण वाफ झाली तर हवा चोवीस अंशांनी गार होईल. गार हवा दाट असते. तेवढ्याच फेऱ्यांत इंजिन जास्त हवा गिळतं, आणि ती दाबायला मेहनतही कमी पडते. दोन्हीकडून फायदा.

पण इथे दोन अडचणी येतात. एक हवेची आणि एक वेळेची.

हवेची अडचण अशी की ती ठरावीकच ओलावा सामावून घेते. ३५ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर फवारून हवा फार तर तेरा-चौदा अंशांनी गार होते, कारण तिथे ती संपृक्त होते. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर जेमतेम एक-दीड अंश. त्यापुढे कितीही पाणी ओता, ते थेंब म्हणूनच राहणार. कोरड्या उन्हाळी दुपारी जमलेला प्रयोग पावसाळी हवेत फसतो तो यामुळेच.

वेळेची अडचण जास्त मोठी आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. दहा मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या भागाएवढा, साध्या हवेत विरून जायला सेकंदाचा दहावा भाग तरी घेतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की वेळ चौपट होतो. आणि मॉडेल इंजिनाच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर असतो. तोंडासमोर वीस सेंटिमीटरवर नोझल बसवलं तर थेंबाला मिळतात काही मिलिसेकंद. वीजकेंद्रांतल्या मोठ्या गॅस टर्बाइनमध्ये हे धुकं उत्तम काम करतं, कारण तिथे हवा येण्याचा मार्ग खोलीएवढा रुंद आणि लांब असतो. थेंबाला विरायला एखादा पूर्ण सेकंद मिळतो. आपल्याकडे ती सोय नाही. लांब आणि रुंद डबा पुढे जोडून टेस्ट स्टँडवर ती करता येते, विमानात नाही.

मग न विरलेल्या थेंबांचं काय होतं? ते पाण्याच्याच रूपात चाकावर आदळतात. चाकाच्या पुढच्या कडेचा व्यास ४६ मिलिमीटर धरला तर तिचा वेग सेकंदाला २८० मीटरच्या आसपास येतो. एवढ्या वेगाने थेंब आणि धातू भिडले की त्या क्षणी टेकल्या जागी निर्माण होणारा दाब ढोबळ हिशेबाने ४०० मेगापास्कल भरतो. चाकाचं अॅल्युमिनियम साधारण याच पातळीला दबायला लागतं. एका थेंबाने काही होत नाही. पण सेकंदाला लाखो थेंब येत राहिले की पात्याची धारदार कड आधी मॅट दिसू लागते, मग बोटाला खरखरीत लागते आणि पुढे तिच्यावर बारीक खड्डे पडतात. तीच कड हवेला चाकात घेणारी आहे. ती बोथट झाली की कॉम्प्रेसरची कार्यक्षमता कायमची घटते. पाण्याने मिळवलेलं पाण्यानेच घालवल्यासारखं होतं. भिंगाखाली या कडेचे प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर फोटो काढून ठेवायची सवय लावून घ्या. आकड्यांआधी ती कड बोलते.

शिवाय मोठे थेंब वळणावर हवेबरोबर वळत नाहीत. ते चाकाच्या बाहेरच्या बाजूला फेकले जातात, आवरणावर पाण्याचा पातळ थर धरतात आणि तो थर चाक ढकलत नेतं. त्या प्रत्येक ग्रॅमला चारशे मीटरच्या वेगापर्यंत न्यायला शाफ्टची शक्ती खर्ची पडते, आणि ती शक्ती दाब वाढवायला उपयोगी पडत नाही.

ज्वलनकक्षातलं पाणी

आता दुसरी जागा. इथे पाणी कॉम्प्रेसरला त्रास न देता थेट गरम वायूत जातं. हिशेब करून पाहू. एक ग्रॅम पाणी वीस अंशांपासून उकळून, वाफ होऊन सहाशे अंशांपर्यंत जाताना सुमारे ३,६०० जूल घेतं. हवेच्या दोन टक्के पाणी, म्हणजे सेकंदाला ४.६ ग्रॅम, सोडलं तर दर सेकंदाला साडेसोळा किलोजूल पाण्यात जातात. केरोसीनच्या एका ग्रॅममध्ये ४३ किलोजूल असतात, म्हणजे आपलं इंजिन सेकंदाला १७२ किलोजूल सोडतं. तर दोन टक्के पाणी इंधनाच्या उष्णतेपैकी जवळजवळ दहावा हिस्सा खाऊन टाकतं. इंधन तेवढंच ठेवलं तर वायूचं तापमान साठेक अंशांनी उतरतं.

इथे नवखा माणूस थबकतो. तापमान उतरलं म्हणजे जोर कमीच होणार ना? इंधन तेवढंच ठेवलं तर फेरे खरोखरच पडू लागतात. पण आता तापमानाची भिंत साठ अंश लांब गेली आहे. तिथपर्यंत जायला इंधन दहाएक टक्के वाढवता येतं, आणि टर्बाइनमधून आता हवेबरोबर वाफही जाते. ही वाफ कॉम्प्रेसरने दाबलेली नाही. तिला दाब पंपाने दिला, आणि द्रव दाबायला अगदी नगण्य शक्ती लागते. म्हणजे टर्बाइनला फुकटचं वस्तुमान मिळालं. वाफेचा रेणू हवेपेक्षा हलका असल्याने त्याच तापमानाला ती प्रसरण पावताना ग्रॅममागे जास्त कामही करते. पाण्याचा खरा फायदा आहे तो हा.

मोठ्या विमानांनी नेमका हाच घेतला. उभ्याने उतरू शकणाऱ्या हॅरियर या लढाऊ विमानाच्या रोल्स-रॉइस पेगासस इंजिनासाठी विमानात सुमारे २२५ लिटर शुद्ध पाणी असे आणि ते दीड मिनिटात संपे. गरम दिवशी जड विमान उभं उतरवायचं तर टर्बाइनचं तापमान आड येई. पाण्याने ते उतरवलं की इंजिनाला थोडे जास्त फेरे देता येत. केसी-१३५ए हे इंधनवाहू विमान तर अडीच हजार लिटर पाणी घेऊन धावपट्टीवर सुटे आणि ते सगळं सुमारे दोन मिनिटांत संपवून टाके. मागे काळ्या धुराचे लोट, कारण गार झालेली ज्योत इंधन पूर्ण जाळत नसे. रोल्स-रॉइस डार्ट या टर्बोप्रॉप (पंखा फिरवणाऱ्या) इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण जाई. अगदी सुरुवातीच्या काही बोइंग ७४७ विमानांतही पाण्याची व्यवस्था होती. पुढे पाती आतून हवेने थंड ठेवण्याचं तंत्र सुधारलं, मोठ्या पंख्यांची इंजिनं आली आणि टनावारी पाणी वाहून नेण्याची गरज उरली नाही.

(मोटारीच्या पिस्टन इंजिनातही पाणी फवारतात, पण तिथे मुख्य हेतू वेगळा. दाबाखाली इंधन अवेळी पेट घेऊन इंजिन ठोके देतं, ते थांबवायचं असतं. टर्बाइनमध्ये तो प्रश्नच नाही. त्यामुळे मोटारीच्या किटमधला पंप आणि नोझल खुशाल घ्या, पण त्यासोबतची मिश्रणाची प्रमाणं घेऊ नका.)

आपलं इंजिन कुठे अडलंय?

पेगासस तापमानाला अडलेलं होतं. आपलं मॉडेल इंजिन बहुतेक वेळा फेऱ्यांना अडलेलं असतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, कमाल फेऱ्यांवर कुलूप लावून बसलेला असतो, आणि ते कुलूप चाक फुटू नये म्हणून आहे. त्या फेऱ्यांवर मागच्या वायूचं तापमान अजून मर्यादेच्या आतच असतं. उत्पादक मुद्दामच तसं जमवतात.

अशा इंजिनात ज्वलनकक्षात दोन टक्के पाणी सोडलं की घडतं ते असं. फेरे पडू लागतात, ईसीयू लगेच इंधन वाढवतो, फेरे जागेवर येतात. वस्तुमान दोन टक्क्यांनी वाढलेलं असतं, तापमान किंचित उतरलेलं असतं आणि थ्रस्ट वाढतो हिशेबाने दोन ते चार टक्के. ८० न्यूटनवर दोन-तीन न्यूटन. इंधन मात्र दहा टक्क्यांच्या आसपास जास्त. ज्यांनी वीस टक्क्यांची आशा धरलेली असते, त्यांची इथे निराशा होते, आणि ते पाणी आणखी वाढवत जातात. पुढच्या बहुतेक अपघातांची सुरुवात इथेच होते.

कमाल फेऱ्यांचं कुलूप वाढवू नका. हे मी ठामपणे सांगतो. पाणी टर्बाइन गार करतं, पण कॉम्प्रेसर चाकातला ताण एका कणाने कमी करत नाही.

मग तापमानात मिळालेली सवलत वापरायची कुठे? मागच्या नोझलमध्ये. नोझलचं तोंड किंचित लहान केलं की त्याच फेऱ्यांना आतला दाब आणि तापमान दोन्ही वाढतात आणि थ्रस्टही वाढतो. एरवी ते तापमान परवडलं नसतं. पाण्याने ते परत खाली आणता येतं. प्रयोगाची बुद्धिमान दिशा मला हीच वाटते: फेरे तेच, नोझल अरुंद, पाण्याने तापमान ताब्यात.

मात्र याची किंमत आहे, आणि ती म्हणजे सर्ज. मागे अडथळा वाढला की कॉम्प्रेसर दाबाचं ओझं पेलता पेलता एका बिंदूला हरतो आणि हवा क्षणभर उलटी फिरते. इंजिन धाड धाड आवाज करतं, तोंडातून ज्योतही निघू शकते. अरुंद नोझल कॉम्प्रेसरला त्या बिंदूकडे ढकलतं. आणि ज्वलनकक्षातली वाफसुद्धा तिकडेच ढकलते, कारण टर्बाइनच्या अरुंद वाटेतून आता हवेसोबत वाफही जायची असते. दोन्ही एकदम केलं तर सुरक्षित अंतर दुप्पट वेगाने संपतं. म्हणून नोझल अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीने बदला आणि प्रत्येक पायरीवर आधी कोरडं चालवून बघा, तेही कमी फेऱ्यांवर. सर्ज बरेचदा वेग वाढवताना, मधल्या फेऱ्यांतच गाठतो.

पाणी नेमकं कुठे आणि कसं

ज्वलनकक्षाच्या आत इंधन व्हेपोरायझरच्या नळ्यांत तापून वाफ होतं आणि पुढच्या भागात ज्योत टिकते. त्या भागात पाणी गेलं की ज्योत विझते. म्हणून पाणी मागच्या अर्ध्यात सोडायचं, जिथे ज्वलन संपून गार हवा मिसळते. केसिंगमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा सव्वा बारने जास्त असतो, त्याच्या बराच वर पंपाचा दाब हवा, नाहीतर फवारा न होता धार पडते.

इथेही थेंबाला वेळ कमीच मिळतो. हवा या सगळ्या कक्षातून दोन-तीन मिलिसेकंदांत निघून जाते. माझ्या ढोबळ हिशेबाने वीस-पंचवीस मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब पूर्ण विरण्याआधीच टर्बाइनच्या पात्यांपर्यंत पोहोचतात. लाल तापलेल्या पात्यावर थंड पाण्याचा थेंब पडला तर धातूला तडा जाण्याचा धोका असतो. तेव्हा नोझल एकच मोठं नको, तीन-चार बारीक नोझल घेराभोवती सारख्या अंतरावर हवीत.

सारख्या अंतरावर का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं. मागच्या वायूचं तापमान मोजायला बहुतेक इंजिनांत एकच थर्मोकपल असतो, सुईसारखा, एका जागी खुपसलेला. त्याच्या बाजूला पाणी जास्त पडलं तर तो गार वाचन देतो. त्यावर थेट थेंब बसला तर आणखीच खोटं. पडद्यावर ५२० अंश दिसतात आणि समोरच्या बाजूचा वायू ७५० अंशांवर असतो. माणूस समाधानाने इंधन वाढवतो. म्हणून पाण्याच्या प्रयोगात निदान तीन थर्मोकपल घेराभोवती बसवावेत आणि त्यांच्यातला फरक पाहत राहावं. सरासरीपेक्षा तो फरक जास्त सांगतो. एखादा अचानक शंभर-दीडशे अंशांनी खाली गेला तर ती चांगली बातमी नव्हे. तो भिजलाय.

क्रमही पाळायलाच हवा. फवारा सुरू करताना आधी पाणी, मग जादा इंधन. फवारा थांबवताना आधी इंधन खाली, मग पाणी बंद. उलट केलं तर वाढवलेल्या इंधनावर इंजिन क्षणात कोरडं पडतं आणि तापमान साठ अंशांनी उसळतं. थर्मोकपलला ते कळायला वेळ लागतो, पात्याला तो वेळ मिळत नाही. टाकी मध्येच रिकामी झाली तरी हेच होतं. त्यामुळे पाण्याच्या नळीवर दाब किंवा प्रवाह पाहणारा सेन्सर ठेवा, आणि तो पडला की इंधन आपोआप कमी होईल अशी जोडणी करा. ईसीयूमध्ये हात घालता येत नसेल तर पाणी चालू असताना थ्रॉटल कोरड्या कमाल मर्यादेच्या पुढे नेऊच नका.

पाणी शुद्धच हवं, डिमिनरलाइज्ड किंवा ऊर्ध्वपातित. नळाच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार धरले, तर मिनिटाला पाव लिटरहून थोडं जास्त पाणी वापरताना दर मिनिटाला ऐंशी मिलिग्रॅम क्षार आत जातात. पाणी उडून जातं, क्षार पात्यांवर बसतात. त्यातला सोडियम आणि इंधनातलं गंधक मिळून गरम निकेल मिश्रधातू कुरतडतात.

मिथेनॉल मिसळावं का? ते जळतं, त्यामुळे पाण्याने खाल्लेल्या उष्णतेचा काही भाग भरून येतो, आणि थंडीत पाणी गोठत नाही. पण मग ईसीयूला माहीत नसलेलं इंधन तुम्ही दुसऱ्या वाटेने आत घालताय आणि फेरे सुटू शकतात. शिवाय मिथेनॉल विषारी आहे, दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही आणि काही रबरी सील त्याने फुगतात. पहिले प्रयोग नुसत्या पाण्यावरच करावेत.

टाकीबद्दल एक गंभीर गोष्ट. ६ सप्टेंबर १९७१ रोजी पॅनइंटरनॅशनल कंपनीचं बीएसी वन-इलेव्हन विमान हॅम्बुर्गहून उडालं. त्याच्या इंजिनांना उड्डाणाच्या वेळी थंड करण्यासाठी पाणी फवारलं जात असे. त्या दिवशी पाण्याच्या टाकीत केरोसीन मिसळलेलं होतं. थंड होण्याऐवजी इंजिनं प्रचंड तापली आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात दोन्ही बंद पडली. वैमानिकांनी विमान महामार्गावर उतरवलं. विमानात १२१ माणसं होती, त्यांतली २२ गेली. केरोसीन आणि पाणी दोन्ही रंगहीन असतात. टेस्ट बेंचवरही पाण्याची टाकी, नळी आणि जोड वेगळ्या आकाराचे ठेवा, म्हणजे एकाचा पाइप दुसऱ्याला बसूच शकणार नाही. पाण्याला खाद्यरंग घालू नका, तोही क्षारासारखाच जमा होतो. टाकीलाच रंग द्या.

मोजायचं कसं

थ्रस्ट लोडसेलने (बल मोजणाऱ्या सेन्सरने), फेरे आणि तापमानं एकाच नोंदीत, इंधन आणि पाणी दोन्ही वजन करून. हवेचं तापमान, दाब आणि आर्द्रता प्रत्येक वेळी लिहून ठेवा, नाहीतर सकाळच्या गार हवेचा फायदा पाण्याच्या नावावर जमा होतो. दोन-चार टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक ओल्या फेरीच्या, म्हणजे पाणी सोडून घेतलेल्या चाचणीच्या, आधी आणि नंतर एक कोरडी फेरी हवीच. नंतरची कोरडी फेरी आधीच्या कोरड्या फेरीशी जुळली नाही, तर मधला ओला आकडा फेकून द्या. काहीतरी बदललंय: कड झिजली असेल, पाण्याचं नोझल तुंबलं असेल किंवा बेअरिंग जड झालं असेल.

उभं राहायची जागा चाकांच्या फिरण्याच्या पातळीबाहेर, आडोशामागे. कानांना संरक्षण, जवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. हे एरवीही पाळायचंच, पण पाण्याच्या प्रयोगात इंजिन अनोळखी वागू शकतं, म्हणून इथे त्यात सूट नको.

हे सगळं विमानात बसवावं का? हिशेब करा. मिनिटभराचं पाणी २७५ ग्रॅम. टाकी, पंप, झडप आणि नळ्या मिळून आणखी दोनशे ग्रॅम धरा. एकूण वजन पावणेपाच न्यूटनच्या आसपास. साध्या बसवणीत मिळणारा जादा थ्रस्ट दोन-तीन न्यूटन. म्हणजे विमान जिंकण्याऐवजी हरतं. नोझल जुळवून आठ-दहा टक्के काढता आले तरी हाती दोन-तीन न्यूटनच उरतात, आणि तेही एका मिनिटासाठी. उडवण्यासाठी जास्त थ्रस्ट हवा असेल तर एक माप मोठं इंजिन हाच सरळ मार्ग. पाण्याचा प्रयोग बेंचवर शोभतो. तिथे तो कॉम्प्रेसर, ज्योत, टर्बाइन आणि नोझल एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे इतकं स्पष्ट दाखवतो की एरवी पुस्तकातून ते समजायला फार वेळ लागेल.

प्रत्येक ओल्या फेरीनंतर इंजिन मधल्या वेगावर मिनिट-दोन मिनिटं कोरडं चालू द्या. बेअरिंगला तेल मिळतं ते इंधनात मिसळलेल्या चार-पाच टक्के तेलातूनच, आणि शाफ्टच्या नळीत शिरलेलं पाणी हे तेल धुऊन नेतं. सिरॅमिक गोळ्या गंजत नाहीत, पण त्या ज्या पोलादी कड्यांवर फिरतात त्या गंजतात. थंड झाल्यावर चाक बोटाने हलकेच फिरवून पाहा. ते सहज, आवाज न करता आणि हळूहळू थांबलं पाहिजे. खरखर लागली तर पुढची फेरी बेअरिंग बदलल्यावरच.